जिन्यातलं कपाट

कुंभवलीच्या चाळींमध्ये कुणाला खोली बदलायची असली, की तो टेम्पोवाल्याकडे जायच्या आधी रामनाथ चुरीकडे जायचा. तारापूरच्या कारखान्यांना लागून असलेलं हे गाव. इथे भाडेकरू फार दिवस टिकत नाही. कंपनी बंद पडते, ठेकेदार बदलतो, मालकाला चाळ पाडून इमारत उभी करायची असते, नाहीतर बोअरिंगच्या पाण्याला वास यायला लागतो आणि बायको म्हणते, आता इथे नको. मग माणूस संध्याकाळी रामनाथच्या दारात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, रविवारी जरा हात लावाल का? रामनाथ विचार न करता हो म्हणायचा.

जरा हात लावणं हे बोलण्यापुरतं. रविवारी ते घर रामनाथच्या ताब्यात असायचं. काचेची भांडी जुन्या साड्यांत गुंडाळून पिंपात बसवायची. देव्हाऱ्यातले देव घरच्या बाईनं मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसायचं. गॅसची शेगडी सगळ्यात शेवटी निघणार आणि नव्या घरात सगळ्यात आधी जाणार, म्हणजे दूध उतू घालायला खोळंबा होत नाही. आणि जड वस्तू दोघांनी उचलली, की बोलल्याशिवाय हात सोडायचा नाही. ज्याला हात बदलायचा असेल त्यानं 'टेकव' म्हणायचं. दुसऱ्यानं मुकाट टेकवायचं, का म्हणून विचारायचं नाही. एवढा एक नियम तो नव्या माणसाला उचलायला लावण्यापूर्वी दोनदा सांगायचा.

या कामाचं तो काही घेत नसे. नव्या घरातलं पहिलं जेवण तेवढं घ्यायचा, तेही हट्टानं जमिनीवर बसून. मंदा, त्याची बायको, सुरुवातीला कुरकुरायची, की आठवडाभर कंपनीत गोण्या उचलता नि सुट्टीला लोकांची कपाटं. पुढे तिनं ते सोडून दिलं. तिला कळलं होतं, की हे थांबवलं तर या माणसाकडे दुसरं काही उरत नाही.

कारण कंपनीत रामनाथ हेल्पर म्हणून लागला आणि हेल्पर म्हणूनच राहिला. पालघरजवळच्या माहीमला त्यांच्या बापजाद्यांची पानवेलीची वाडी होती, पण भाऊबंदांत वाटत वाटत ती एवढीशी राहिली, आणि लग्न झाल्यावर तो मंदाला घेऊन बोईसरला आला. सुताला रंग देणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात काम मिळालं. आठवडाभर तो दुसऱ्यांचे हुकूम ऐकायचा. त्याच्यामागून आलेली पोरं सुपरवायझर होऊन त्याला नावानं हाक मारायची. पण रविवारी सकाळी, कुणाच्या तरी अर्ध्या रिकाम्या खोलीत, कंबरेला गमछा बांधून तो उभा राहिला, की मोठमोठे ऑपरेटर आणि क्लार्कसुद्धा त्याच्या तोंडाकडे बघायचे, आता काय उचलू म्हणून.

त्याच्या बरोबर कायम देवू असायचा. देवू त्याचा सगळ्यात धाकटा भाऊ, वयानं इतका लहान, की आई गेल्यावर मंदानंच त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. रामनाथनंच त्याला माहीमहून आणलं, ठेकेदाराला सांगून आपल्या कंपनीत चिकटवलं, जयवंतीशी त्याचं लग्न लावून दिलं, आणि आपल्या चाळीच्या मागच्या बोळात खोली बघून दिली. देवू अंगानं दणकट आणि बोलायला कमी. दादानं बोलावलं की तो येणार, हे इतकं ठरलेलं, की रामनाथ त्याला विचारायचाच नाही, नुसता निरोप धाडायचा.

जिन्यात जड वस्तू चढवताना सगळा भार खालच्या माणसावर येतो. वर उभा असतो तो दिशा दाखवतो, तोल धरतो. वजन खालचा पेलतो. तरुणपणी रामनाथ स्वतः खाली असायचा आणि देवूला वर ठेवायचा. पन्नाशी उलटल्यावर कधीतरी, कुणी काही न ठरवता, जागा बदलल्या. देवू खाली गेला, दादा वर आला. मागच्या वर्ष-दीड वर्षात तर रामनाथच्या उजव्या हाताची बोटं मधूनच बधिर व्हायला लागली होती. सकाळी चहाचा कप धरताना त्याला कळायचं. मंदाला त्यानं ते सांगितलं नाही, देवूलाही नाही.

तो निवृत्त झाला त्याच सुमाराला चाळीच्या मालकानं सगळ्यांना जागा सोडायला सांगितलं. रामनाथचा मुलगा धीरज पालघरला एका कार्यालयात कॉम्प्युटरवर कामाला होता. त्यानं उमरोळीला स्टेशनपासून थोडं आत, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट बुक केला होता, आणि त्याचा ताबा मिळाला. लिफ्टचा खड्डा होता, लिफ्ट यायची होती. जिना अरुंद होता, आणि कठड्याला अजून रंग लागला नव्हता.

धीरजनं बापाला न विचारता बोईसरच्या एका सामान हलवणाऱ्या एजन्सीला घर दाखवलं. त्यांचा माणूस येऊन बघून गेला. खोलीत फिरून त्यानं मोबाइलवर फोटो काढले. पलंग खोलून नेऊ म्हणाला, भांड्यांना खोकी आम्ही आणू म्हणाला. कपाटापाशी तो थांबला. मंदाच्या वडिलांनी लग्नात दिलेलं ते लोखंडी कपाट होतं, जुन्या जाड पत्र्याचं, आत तिजोरी असलेलं. त्यानं ते खांद्यानं थोडं ढकलून पाहिलं आणि सांगितलं, की याला चार माणसं आणि पट्टे लागतील. जिना तंग असेल तर हे गॅलरीतून दोरानं वर घेऊ. रामनाथ दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्या माणसानं त्याला काही विचारलं नाही. म्हाताऱ्या बाबांना बाजूला उभं राहायला सांगावं, तसं हातानं खुणावून त्यानं पलंगाच्या खाली डोकं घातलं.

तो गेल्यावर घरात वाजलं. धीरज समजावत होता, की बाबा, त्यांचं रोजचं काम आहे ते, काही मोडलं तर ते बघतात, आपण नुसतं पाठोपाठ जायचं. मंदासुद्धा म्हणाली, "या खेपेला माणसं लावू द्या त्याला. तुमचं वय झालं, नि देवूच्या मागं पण संसार हाय."

"अख्ख्या कुंभवलीची घरं मी हलवली," रामनाथ म्हणाला, "नि माझ्या घराला भाडोत्री माणसं आणू? उद्या लोक काय म्हणतील?"

"कोणी काही म्हणत नाही, बाबा. लोकांना आठवतसुद्धा नाही."

धीरज हे सहज बोलून गेला. पण ते वाक्य रामनाथच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं धीरजच्या कागदांतून एजन्सीचा नंबर घेतला, चाळीबाहेर जाऊन फोन केला आणि सांगितलं, की मुलाचा बाप बोलतोय, येऊ नका, आमचं आम्ही बघतो. मग त्यानं बबलू टेम्पोवाल्याला वेळ दिली आणि देवूकडे निरोप धाडला. घरी त्यानं कुणाला काही सांगितलं नाही.

ज्यांची घरं त्यानं हलवली होती, त्यांतल्या काही जणांनाही त्यानं निरोप दिले होते. रविवारी सकाळी कुणी आलं नाही. एकाच्या घरी साखरपुडा होता. एकाच्या मुलानं फोन उचलला आणि म्हणाला, काका, आता हे कोण करतं, माणसं मिळतात की. तिसऱ्यानं उचललाच नाही. टेम्पो दारात लागला तेव्हा धीरजला कळलं, की एजन्सीची माणसं येणार नाहीत. तो बापाशी बोलला नाही. त्यानं आपल्या मित्राला, कमलेशला, बोलावून घेतलं आणि शर्टाच्या बाह्या दुमडून पिंप उचललं.

देवू रात्रपाळी करून थेट तिथेच आला होता. डोळे लाल, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, त्यावर रंगाचे डाग. मंदानं त्याला आधी चहा-चपाती दिली आणि विचारलं, झोपला नाहीस का रे? तो म्हणाला, "झोपेन गं वैनी, दुपारी काय काम हाय मला." रामनाथनं हे ऐकलं. दुपारपर्यंत थांबू, देवूला दोन तास पडू दे, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण बबलूला दुपारनंतर दुसरं भाडं होतं, आणि धीरजसमोर त्याला कुठंही अडलेलं दिसायचं नव्हतं.

बाकीचं सगळं सुरळीत झालं. उमरोळीला दहा-साडेदहापर्यंत पलंग, भांडी, शिलाई मशीन, सगळं वर गेलं. मंदानं शेगडी मांडली. खाली टेम्पोत फक्त कपाट उरलं. रामनाथनं दरवाजे दोरीनं आवळले, खालच्या कडेला गोणपाट बांधलं. देवू खाली, तो वर. कमलेश टेम्पोपाशी राहिला, कारण जिन्यात तिसरा माणूस मावत नव्हता. धीरज पुढे जाऊन वळणांवर सांगत होता.

पहिल्या मजल्यावर टेकवलं तेव्हा रामनाथला धाप लागली होती. तो भिंतीला टेकला आणि उजवा हात मागे नेऊन बोटं चोळली. धीरजनं ते पाहिलं. तो वरून दोन पायऱ्या उतरला आणि हळूच म्हणाला, "बाबा, जमत नसेल तर इथंच ठेवू. मी त्या माणसांना बोलावतो. अजून येतील ते."

"तू वर जाऊन दार धर," रामनाथ म्हणाला.

धीरज वर गेला. दुसरा मजला गाठला. तिथून तिसऱ्याकडे जाताना मधल्या वळणावर कपाट उभं करून फिरवलं, पुन्हा आडवं घेतलं, आणि पुढच्या पायऱ्या सुरू झाल्या. चौथ्या की पाचव्या पायरीवर रामनाथच्या उजव्या हाताची बोटं गेली. दुखली नाहीत, नुसती गेली, जशी नव्हतीच. त्याला ठाऊक होतं, की आता टेकव म्हणायचं. शब्द तोंडात आला होता. वर दारात धीरज उभा होता, खाली बघत नव्हता, पण ऐकू गेलं असतं. रामनाथला वाटलं, अर्ध्या क्षणात हात बदलतो, कुणाला कळणारही नाही. तो बोलला नाही. त्यानं उजवा हात सोडला, आणि डावा एकटा ते वजन धरू शकला नाही.

आवाज सगळ्या इमारतीत घुमला. देवू ओरडला नाही. तो पाठीवर मागे गेला, वळणावरच्या भिंतीला आपटला, आणि कपाटाची खालची कड त्याच्या कमरेवर येऊन बसली. रामनाथ धावत खाली गेला तेव्हा देवूचे डोळे उघडे होते. तो म्हणाला, "दादा, माझ्या पायावर काय ठेवलंय बघ." त्याच्या पायांवर काहीच नव्हतं.

कमलेश आणि बबलूनं मिळून कपाट उचललं. बोईसरच्या दवाखान्यात एक्स-रे काढून तिथल्या डॉक्टरांनी ताबडतोब मुंबईला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये जयवंती नवऱ्याच्या उशाशी बसली होती. समोरच्या बाकावर रामनाथ होता आणि दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. देवू जगला. कमरेखालचं अंग परत आलं नाही. डॉक्टरनं जयवंतीला बाजूला घेऊन सांगितलं, की आशा ठेवू नका म्हणणार नाही, पण घरी तशी तयारी करून ठेवा.

उमरोळीच्या घरात त्या दिवशी दूध उतू गेलंच नाही. मंदा दवाखान्यात धावली तेव्हा शेगडीवरचं पातेलं तसंच राहिलं आणि दूध नासलं. धीरजनं पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याला बोलावून ते कपाट जिन्यातूनच विकून टाकलं. बापाला त्यानं कधी दोष दिला नाही. तो कमी बोलायला लागला, एवढंच.

लोकांनी कारण आपापलं शोधून घेतलं. नव्या इमारतीच्या पायरीवर सिमेंटची पूड होती, देवूचा पाय घसरला, असं बबलू सांगायचा. बबलू तेव्हा खाली टेम्पोत होता, पण त्याच्या सांगण्यात खोट नव्हती. त्याला तसंच वाटत होतं. रात्रपाळी करून आला होता बिचारा, असं दुसरं कुणी म्हणायचं. रामनाथ हे ऐकायचा आणि मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, भावाच्या दुःखानं खचलाय.

देवूला घरी आणल्यावर, पहिल्या काही दिवसांतली गोष्ट. जयवंती पाणी भरायला गेली होती. देवू खाटेवर पडून छताच्या पत्र्याकडे बघत होता. रामनाथ त्याचे पाय चोळत होता, डॉक्टरनं सांगितलं होतं तसे. देवू म्हणाला, "दादा, तुझा हात सुटला ना रे?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. गावातल्या कुणाबद्दल विचारावं, तसं त्यानं विचारलं होतं. रामनाथचे हात पायावरच थांबले.

"पायरीवर सिमेंट होतं," तो म्हणाला. "तुझा पाय घसरला."

 देवू म्हणाला, "बरं." आणि पुन्हा पत्र्याकडे बघायला लागला. त्यानंतर त्यानं हा विषय कधी काढला नाही.

रामनाथ रोज सकाळी उमरोळीहून निघायचा. गाडीनं बोईसर, तिथून शेअर रिक्षानं कुंभवली. देवूला दोन्ही हातांवर उचलून मोरीत न्यायचा, अंघोळ घालायचा, कूस बदलायचा, पाठीला पावडर लावायचा. बधिर बोटांवर आता तो विश्वास ठेवत नसे. गमछ्याचा फास करून भावाला आपल्या मानेशी बांधून घ्यायचा आणि मगच उठायचा. धीरजनं व्हीलचेअर आणून दिली, पण त्या बोळात ती वळायची नाही. देवू ठेकेदाराकडे होता, कंपनीचा नव्हता, आणि जे झालं ते कंपनीबाहेर झालं होतं. त्यामुळे तिकडून कुणी आलं नाही. जयवंती एका कंपनीत पॅकिंगला जायला लागली. त्यांची मुलगी मेघाली दहावीत होती. तिनं क्लास सोडला आणि संध्याकाळी बापाजवळ बसायला लागली.

रामनाथ आल्यावर जयवंती कामाला निघायची. ती त्याला चहा ठेवून जायची, पण बोलायची नाही. बरेच महिने असे गेले. एकदा पावसाळ्यात रामनाथला ताप होता, तरी तो भिजत आला. जयवंतीनं त्याला दारातच अडवलं.

"आज नका येऊ," ती म्हणाली. "मी सुट्टी टाकलीय."

"मी आलोय तर करतो. तू जा कामाला."

"भाऊजी, तुमी रोज येता, त्यानं यांचं काय होतं सांगू? यांना तुमच्यासमोर हसावं लागतं. तुमी गेलात की घंटाभर तोंड फिरवून पडतात." ती थांबली, आणि मग आवाज न चढवता म्हणाली, "तुमाला बरं वाटावं म्हनून तुमी येता. त्यांच्यासाठी नाय."

रामनाथ त्या दिवशी परत गेला. स्टेशनवर बाकावर बसून राहिला. दोन गाड्या सोडल्या. ती खोटं बोलत नव्हती, हे त्याला समजत होतं. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, कारण न जाऊन करायचं काय, हे त्याला माहीत नव्हतं. जयवंतीनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली.

त्या खाटेवर देवू दोन पावसाळे काढू शकला. पाठीला जखम झाली, ती भरून येईना. पत्र्याखालची दमट खोली, आणि वर कारखान्यांचा वारा. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी लघवीचा संसर्ग रक्तात गेला आणि हॉस्पिटलात नेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. शुद्ध होती तोवर रामनाथ त्याच्या उशाशी होता. शेवटच्या दिवशी देवूनं त्याला जवळ बोलावलं. आता हा पुन्हा विचारेल, आणि आता आपण खरं सांगू, असं रामनाथनं मनाशी धरलं. पण देवूनं एवढंच सांगितलं, की मेघालीच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा राहिलाय, धीरजला सांग. रामनाथ हो म्हणाला. सांगायचं ते देवूनं विचारल्याशिवायही सांगता आलं असतं. नर्स आली, तिनं बाहेर जायला सांगितलं, आणि तो बाहेर गेला.

देवूचं दहावं-तेरावं झालं. वर्षश्राद्ध व्हायच्या आत जयवंतीनं कुंभवली सोडायचं ठरवलं. तिचं माहेर केळव्याला. भावानं घराशेजारची एक खोली दिली होती, आणि मेघालीला पालघरच्या कॉलेजला तिथून जाता येणार होतं. हे रामनाथला मंदाकडून कळलं, तेही निघायच्या आदल्या दिवशी. जयवंतीनं सामान न्यायला बोईसरच्या एका एजन्सीची माणसं सांगितली होती.

मंदा त्याला म्हणाली, की नका जाऊ, तिनं तुम्हाला बोलावलेलं नाही. तो गेला.

बोळाच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. एजन्सीचे तिघेजण होते, दोघं उत्तरेकडचे आणि एक डहाणूच्या बाजूचा. अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट, कमरेला रुंद पट्टे. ते आपसात हिंदीत बोलत होते, एकाच्या खिशात मोबाइलवर गाणं चाललं होतं. त्यांनी देवूची खाट खोलून चार तुकडे केले, पट्टीनं बांधले आणि पाच मिनिटांत टेम्पोत सरकवले. ज्या खाटेवर आपला भाऊ झिजला, तिची लाकडं अशी गाण्याच्या ठेक्यावर जाताना रामनाथनं पाहिली. त्यांची चूक काहीच नव्हती. त्यांना त्या खाटेबद्दल काही माहीत नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांचे हात हलके होते.

दाराशी पाण्याचं पिंप राहिलं होतं. रामनाथ पुढे झाला आणि वाकला.

"भाऊजी, हात लावू नका," जयवंती आतून म्हणाली.

तो वाकलेला तसाच थांबला, मग सरळ झाला. ती दारात आली. पदर खोचलेला, हातात झाडू. आत खोली जवळजवळ रिकामी झाली होती.

"जयवंती," तो म्हणाला. बोलायचं काय हे त्यानं ठरवलं नव्हतं, पण आता थांबलं तर पुन्हा कधी होणार नाही, हे त्याला कळलं. "त्या दिवशी माझा हात सुटला. माझी बोटं आधीपासून बधिर व्हायची. टेकव म्हणायला पायजे होतं, मी म्हणलो नाय. देवूनं मला विचारलं, तेव्हा पण मी खोटं बोललो."

जयवंतीनं झाडू भिंतीला टेकवला.

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "हॉस्पिटलातून घरी आणलं त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं मला. म्हणाले, दादा कबूल नाय करत, त्याला विचारू नको, त्याला सोसनार नाय."



"शेवटपर्यंत वाट बघत होते तुमी सांगाल म्हनून," ती म्हणाली. "मी पण बघत होते. आता मला सांगून काय करू मी त्याचं?"

मागून पिवळ्या शर्टातला माणूस पिंप उचलायला आला आणि मध्ये उभ्या असलेल्या रामनाथला म्हणाला, "चाचा, जरा साइड."

"बाजूला व्हा," जयवंती म्हणाली. "माणसांना काम करू द्या."

तो बाजूला झाला. मेघाली कॉलेजची बॅग घेऊन आली, ती वाकून त्याच्या पाया पडली आणि आईच्या मागोमाग टेम्पोत पुढे जाऊन बसली. देवूचा फोटो तिच्या मांडीवर होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. टेम्पो केळव्याच्या रस्त्याला लागला. बोळातल्या दोन-तीन बायका दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

रामनाथ अजून उमरोळीलाच राहतो. मंदानं त्याला कधीतरी डॉक्टरकडे नेलं, तेव्हा कळलं, की मानेतली नस दबलीय, हे वेळेवर दाखवलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. त्यानं ते डॉक्टरचं बोलणं शांतपणे ऐकलं. घरी येऊन जेवला आणि झोपला. जयवंती सणावाराला मंदाला फोन करते, मेघालीची खुशाली सांगते. रामनाथची विचारपूस करते, पण फोन त्याला द्या म्हणत नाही.

इमारतीत अजून बिऱ्हाडं येतात. ट्रक लागतो, पिवळ्या नाहीतर लाल शर्टातली माणसं उतरतात, जिन्यात 'संभाल के, संभाल के' असा आवाज चालतो. त्या दिवशी रामनाथ दार आतून लावून घेतो. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो आणि आवाज थांबेपर्यंत उठत नाही. मंदा टीव्ही मोठा करते.

मध्यंतरी समोरच्या फ्लॅटमध्ये एक नवं जोडपं आलं. माणसं सामान टाकून गेली होती आणि त्या दोघांना सोफा हॉलमधून आतल्या खोलीत सरकवायचा होता. मुलगा दार वाजवून म्हणाला, काका, दोन मिनिटं एक बाजू धराल का? मंदानं नवऱ्याकडे पाहिलं. रामनाथ खुर्चीतून उठला, दारापर्यंत गेला, आणि त्यानं आपला उजवा हात त्या मुलासमोर उघडून धरला.

"ह्या हातानं धरवत नाय," तो म्हणाला. "दुसरा कोणतरी बघ, बाबा. नि दोघंच उचलू नका."